आजीच्या आयुष्याचे पुस्तक करून देणारी सेवा : घ्यावी का, आणि घेतल्यास काय मागावे

घरातल्या वयोवृद्ध माणसाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, जुने फोटो आणि कागदपत्रे स्कॅन करायची, त्यांवरून मजकूर तयार करायचा आणि पुठ्ठा बांधणीचे देखणे पुस्तक छापून घरच्यांच्या हाती द्यायचे, असे काम करणाऱ्या छोट्या संस्था अलीकडे पुण्या-मुंबईकडे बऱ्याच दिसू लागल्या आहेत. त्यांपैकी पुण्यातल्या एका संस्थेकडून आम्ही आमच्या आजीचे पुस्तक करून घेतले. मुलाखती ती हयात असताना झाल्या आणि पुस्तक मात्र तिच्या पहिल्या स्मरणदिनाच्या उपासनेला हाती आले. संस्थेचे नाव मी येथे देत नाही. तिच्या ज्या उणिवा पुढे सांगणार आहे त्या या व्यवसायाच्या ठरीव साच्यातून आलेल्या आहेत आणि दुसऱ्या संस्थेकडे गेलो असतो तरी त्या थोड्याफार फरकाने पदरी पडल्या असत्या, असा माझा अंदाज आहे. निकाल मात्र आधीच सांगून टाकतो. ध्वनिमुद्रण, स्कॅनिंग आणि छपाई या तिन्ही बाबतींत काम उत्तम झाले. मजकुराच्या बाबतीत मात्र घरातल्या कोणीतरी बाह्या सरसावून बसल्याशिवाय आपले माणूस त्या पुस्तकात सापडत नाही. पाचपैकी साडेतीन गुण मी देईन, आणि त्यांतला एक गुण एकट्या मुलाखत घेणाऱ्या मुलीचा आहे.

आजीची ओळख करून दिल्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. तिचा जन्म १९३० सालचा, नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातला. वडाळा मिशनच्या परिसरात तिचे लहानपण गेले, नगरच्या मिशनच्या बोर्डिंगमध्ये राहून ती शिकली, १९४८ साली मिरजेच्या मिशन इस्पितळात परिचारिकेच्या शिक्षणासाठी गेली, आणि परत आल्यावर १९८८ साली निवृत्त होईपर्यंत तिने ग्रामीण दवाखान्यांत नर्स आणि सुईण म्हणून काम केले. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. ते १९७९ मध्ये वारले. त्यानंतरची पंचेचाळीस वर्षे तिने मुलांच्या, नातवंडांच्या आणि चर्चच्या मंडळीच्या गोतावळ्यात, पण स्वतःच्या पेन्शनवर आणि स्वतःच्या मताने काढली. २०२४ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी ती प्रभूमध्ये निजली. दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी तिच्याविषयी जे सांगितले ते सगळे खरे होते. परंतु ते आमच्या मंडळीतल्या कोणत्याही सश्रद्ध वृद्ध स्त्रीविषयी सांगता आले असते. पुस्तकात तरी तसे होऊ नये, एवढीच आमची अपेक्षा होती, आणि तेवढ्यावरूनच मी ही सेवा जोखणार आहे.

मुलाखतीसाठी संस्थेची एक तरुण मुलगी नगरला घरी आली. तिने पंखा बंद करायला लावला, भिंतीवरचे टिकटिक करणारे घड्याळ आतल्या खोलीत ठेवले, आजीच्या पदराला छोटा माइक लावला आणि स्वयंपाकघरात कुकर लावू नका असे आईला अत्यंत नम्रपणे सांगितले. हे किरकोळ वाटेल, पण त्याआधी आम्ही मोबाइलवर केलेल्या ध्वनिमुद्रणांत आजीपेक्षा शिट्ट्यांचाच आवाज मोठा आहे, त्यामुळे या तयारीची किंमत आम्हाला कळली. अडचण आली ती छापील प्रश्नावलीची. लहानपणीचे आवडते सण, सासरचे पहिले हळदीकुंकू, माहेरची कुलदेवता, पिढीजात पाककृती, असे प्रश्न त्या कागदावर होते आणि ते कोणासाठी तयार केले असावेत हे उघडच होते. मुलीच्या ते लक्षात आल्यावर तिने निम्मे प्रश्न मनातच गाळले आणि तुमचा आवडता सण कोणता, एवढेच विचारले. आजी म्हणाली, “पगाराचा दिवस.” मुलगी हसली, तेव्हा आजीने पुढे जे सांगितले ते पुस्तकातले माझ्या मते सर्वांत चांगले पान आहे. नर्सला नाताळ म्हणजे कामाचाच दिवस. पहाटे कंदील घेऊन वॉर्डावॉर्डांतून गाणी म्हणत जायचे, मग ड्रेसिंगचा ट्रे घ्यायचा, दुपारी ड्यूटी संपली की घरी येऊन करंज्यांना बसायचे, आणि ज्या बाईचे बाळंतपण अडले असेल तिला तो दिवस कोणाच्या जन्माचा आहे याचे काय, असा तिचा सरळ हिशेब होता.

“पोरी, हे असले प्रश्न शेजारच्या काकूंना विचार, त्यांना लई आवडतील. मला कामाचं विचार,” असे आजीने स्पष्टच सांगितल्यावर त्या मुलीने प्रश्नावली पिशवीत घातली आणि विचारले, “मग आजी, मिरजेला तुम्ही पहिल्यांदा कशा गेलात तेच सांगा.” येथून मुलाखत खऱ्या अर्थाने सुरू झाली. नगरहून दौंड, दौंडहून पुणे, पुण्यात मोठी गाडी सोडून मिरजेची मीटरगेज गाडी धरायची; पत्र्याची ट्रंक, वळकटी, बोर्डिंगच्या बाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी आणि बरोबर दुसरी एकच मुलगी. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेले ते इस्पितळ तोवर साऱ्या दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात माहीत झाले होते. वॉन्लेस साहेब १९३३ मध्येच वारले होते, तरी जुन्या वॉर्डबॉयांच्या तोंडी त्यांचे नाव रोज असे, त्यामुळे आपण साहेबांना पाहिले नाही हे आपल्याला बऱ्याच दिवसांनी उमगले, असे आजी सांगायची. चादरीचा कोपरा किती अंशात मोडायचा, उकळत्या पाण्यातून चिमटे किती वेळाने काढायचे, रात्रपाळीत झोप आली तर उभ्यानेच रिपोर्ट कसा लिहायचा, हे तिने त्र्याण्णवाव्या वर्षी हातवारे करून दाखवले. मुलाखतकार मुलगी अधूनमधून फक्त “मग?” म्हणत होती. गप्प कधी बसायचे हे तिला कळत होते, आणि या व्यवसायात ते कोणत्याही यंत्रापेक्षा महत्त्वाचे आहे.

तिने आणखी एक शहाणपण दाखवले. दुसऱ्या बैठकीत आजी थकलेली होती आणि तारखा, गावे, माणसे यांची गल्लत करू लागली, तेव्हा मुलीने विचारणे थांबवून ‘उपासना संगीत’ हे मराठी ख्रिस्ती गीतांचे पुस्तक तिच्या हाती दिले. आजीला गीतांच्या पहिल्या ओळींपेक्षा क्रमांक पक्के पाठ होते. रविवारी फळ्यावर क्रमांक लागले की पुस्तक न उघडता ती सुरुवात करी. त्या दुपारी ती एकामागून एक भजने म्हणत गेली, त्यांतली बरीचशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची होती, आणि प्रत्येक भजनाबरोबर ते कोणाच्या लग्नात, कोणाच्या दफनविधीला, कोणत्या साली म्हटले होते ते आपोआप बाहेर येत गेले. प्रश्नांना जे साल सापडत नव्हते ते चालीला सापडले. ख्रिस्ती कुटुंबांतल्या वृद्धांच्या मुलाखती करून घेणाऱ्यांना माझी हीच पहिली शिफारस राहील : गीतांचे पुस्तक जवळ ठेवा.

आता तक्रारीकडे वळतो. मुलाखत घेणारी व्यक्ती वेगळी आणि मजकूर लिहिणारी व्यक्ती वेगळी, अशी या संस्थेची पद्धत आहे, आणि सगळा घोटाळा येथेच होतो. पहिला कच्चा मसुदा हाती आला तेव्हा त्यातली आजी आम्हाला ओळखूच आली नाही. ती पानोपानी वात्सल्यमूर्ती होती, त्यागमूर्ती होती, तिच्या चेहऱ्यावर सदैव मंद स्मित होते, आणि संकटांना ती हसतमुखाने सामोरी जात होती. आमची आजी संकटांना कपाळाला आठ्या घालून सामोरी जात असे. तिचे नगरी बोलणे काढून त्या जागी पुण्याच्या व्याख्यानमालेतली भाषा घातलेली होती. मंडळीच्या महिला मंडळाशी तिचे एकदा जोरदार बिनसले होते. वेदीच्या पडद्यांसाठी जमवलेल्या पैशांचा हिशेब वेळेवर मांडला नाही म्हणून तिने कमिटीचा राजीनामा दिला होता आणि हिशेब फळ्यावर लागेपर्यंत मंडळाच्या सभेला पाऊल टाकले नव्हते, उपासनेला मात्र दर रविवारी पहिल्या बाकावर हजर. हा प्रसंग तिने स्वतः मोठ्या चवीने सांगितला होता. मसुद्यातून तो गायब होता. विचारल्यावर उत्तर मिळाले की स्मरणग्रंथात कटू प्रसंग सहसा ठेवत नाहीत. आम्ही तो ठेवायला लावला, कारण देवावरची तिची निष्ठा आणि हिशेबाविषयीची तिची कडक शिस्त या तिच्या मनात वेगळ्या गोष्टी नव्हत्या, आणि एक वगळून दुसरी दाखवणे म्हणजे दुसऱ्याच कोणाचे तरी चरित्र लिहिणे होते. निष्पक्षपणे सांगायचे तर संस्थेने त्यावर वाद घातला नाही. मूळ ध्वनिमुद्रणाची शब्दशः प्रत आम्हाला दिली, आणि तिच्यावरून आम्ही जवळजवळ अर्धा मजकूर तिच्याच बोलीत परत बसवला. ही शब्दशः प्रत करारात आधीच मागून घ्यावी. आम्हाला ती मागितल्यावर मिळाली, पण पत्रकात तिचा उल्लेख नव्हता.

दुसरी तक्रार इतिहासाच्या पानांची. प्रत्येक पुस्तकात कुटुंबाची पार्श्वभूमी सांगणारे एक प्रकरण असते आणि ते संस्थेकडे बहुधा तयारच असते. आमच्या मसुद्यातले प्रकरण गोव्यातल्या पोर्तुगीजांपासून सुरू होऊन वसईच्या किल्ल्यावर येऊन थांबत होते. वसईकडच्या एखाद्या कॅथलिक आजीच्या पुस्तकात त्याला जागा होती. नगरच्या प्रोटेस्टंट मंडळींची कथा अगदी वेगळी आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे केले, १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले, सिंथिया फॅरारबाईंनी तेथे मुलींच्या शाळा चालवल्या, आणि पुढे १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर टिळक पतिपत्नींचे बरेचसे आयुष्य याच नगरात गेले. आजीच्या आईने लहानपणी टिळकांचे कीर्तन ऐकले होते असे घरात सांगत. म्हणजे आमच्या घरात ख्रिस्ती धर्म आला तो पंचारतीऐवजी मेणबत्ती घेऊन आला असे नाही. तो अभंगाच्या चाली, टाळ आणि हार्मोनियम घेऊनच आला, आणि ते प्रकरणात येणे अगत्याचे होते.

त्याहून नाजूक गोष्ट जातीची. आजीचे पूर्वज महार समाजातले. १८७६–७८ च्या मोठ्या दुष्काळानंतरच्या वर्षांत नगर जिल्ह्यातली जी अनेक महार-मांग कुटुंबे मिशनकडे वळली, त्यांत ते होते. संपादकांनी हा उल्लेख गाळावा असे सौजन्याने सुचवले. वाचणाऱ्यांना अवघड वाटेल, असे त्यांचे म्हणणे. आजीला तो कधीच अवघड वाटला नव्हता. विहिरीवर कोणी पाणी वाढायचे आणि दवाखान्यात त्याच घरातल्या बाईला कोणाच्या हाताने बाळंत व्हावे लागायचे, याच्या तिने सांगितलेल्या दोन गोष्टी तर ऐकण्यासारख्या आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, तो पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला, ख्रिस्ती कुटुंबे मात्र त्याबाहेर राहिली. यामुळे आपल्या भावाच्या मुलांच्या शिक्षणाचे काय झाले हेही तिने सांगितले होते. एवढे सगळे गाळून उरते काय? आम्ही ते प्रकरण घरीच नव्याने लिहिले आणि संस्थेने ते बिनतक्रार छापले. पैसे मात्र कमी केले नाहीत.

तारखांची जबाबदारी संस्था घेत नाही, आणि हे तिने निदान स्पष्ट सांगितले होते. आजीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा जन्म १ जूनला झालेला असल्यामुळे आम्ही त्या तारखेवर विश्वास ठेवला नाही आणि मंडळीचे बाप्तिस्म्याचे रजिस्टर काढून पाहिले. या शोधात एक गोष्ट उपयोगी पडली, ती इतरांनाही पडेल. आजीच्या लहानपणी या मंडळ्या १९२४ साली स्थापन झालेल्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात होत्या, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर त्या तिच्यात आल्या. त्यामुळे जुनी रजिस्टरे वेगळ्या शीर्षकाखाली, वेगळ्या कपाटात आणि काही ठिकाणी वेगळ्याच गावी ठेवलेली असतात. आमचे रजिस्टर कपाटाच्या तळाशी सापडले. नोंद डिसेंबरमधली होती, मोडीवळणाच्या देवनागरीत, आणि आईवडिलांच्या नावांपुढे व्यवसाय म्हणून एकच शब्द होता : मजुरी. तेच पान पुस्तकात पूर्ण आकारात छापले आहे आणि छपाई इतकी स्वच्छ आहे की शाईचा फुटलेला काठसुद्धा दिसतो.

स्कॅनिंगचे काम एकंदरीतच फार चांगले झाले. काळ्या कागदाच्या अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेले फोटो त्यांनी उचकटण्याचा प्रयत्न न करता पानासकट स्कॅन केले, मागच्या बाजूचा मजकूर असेल तर तोही घेतला, आणि मूळ वस्तू क्रमांक घातलेल्या पाकिटांत परत दिल्या. घोळ झाला तो फोटो ‘सुधारण्यात’. मिरजेच्या प्रशिक्षणाच्या वेळचा आजीचा एकच फोटो आहे. पांढरी साडी, डोक्यावर टोपी, हात मागे. त्या कृष्णधवल फोटोला रंग देण्याची हौस कोणाला आली ते कळले नाही, पण फोटोवर कपाळाच्या जागी बुरशीचा एक ठिपका होता, तो रंगवणाऱ्याला कुंकू वाटला आणि त्याने तो ठसठशीत लाल केला. शिवाय चेहरा गुळगुळीत आणि दोन छटांनी गोरा झाला. घरात हसून हसून पुरेवाट झाली, आजी तेव्हा हयात होती, तिने भिंगातून बराच वेळ पाहिले आणि “ही कोण बया?” एवढेच विचारले. आम्ही रंग नको, ठिपका राहू दे, असे कळवले आणि पुस्तकात फोटो जसा होता तसा आला आहे. फोटोंना हात लावण्याआधी घरच्यांची परवानगी घेणे ही संस्थेने स्वतःहून पाळायची गोष्ट आहे.

पुस्तकातली सर्वांत मोलाची वस्तू आजीची बाळंतपणांची वही. दवाखान्याचे सरकारी रजिस्टर वेगळे. ही तिची स्वतःची. तारीख, वेळ, गाव, आईचे नाव, मुलगा की मुलगी, वजन आणि शेवटी शेरा, असे रकाने तिने पट्टीने आखलेले. वेळ जुन्या पद्धतीने, रात्री २॥ (अडीच), पहाटे ४। (सव्वाचार); वजन पौंडात. देशात मेट्रिक मापे १९५८ पासून लागू होऊ लागली, तरी आजीची वही बरीच वर्षे पौंडातच चालली आणि मग एका पानावर काहीही न सांगता किलो सुरू झाले. शेरे तीन-चार शब्दांचे : “बैलगाडीने आणली”, “पायाळू, दोघे ठीक”, “सासू रागात, मुलगी म्हणून”, “नवरा मुंबईला, कळवले”. १९७२ च्या दुष्काळाच्या पानांवर “खडीवरून आली” हा शेरा वारंवार येतो. दुष्काळी कामांवर खडी फोडत असतानाच कळा सुरू झालेल्या बायका त्या. सुकडी आणि मायलो ज्वारीवर पोट भरणाऱ्या त्या आयांच्या बाळांची वजने आजीने त्याच शांत अक्षरात लिहिली आहेत, आणि ती खाली खाली जाताना वाचणाऱ्याला अस्वस्थ करतात. ज्या मुलांच्या नोंदींपुढे पुढे कधीतरी बारीक क्रूस काढलेला आहे, त्यांच्याविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली, “ती रात्रीच्या प्रार्थनेत घ्यायची यादी होती.” आजीच्या प्रार्थनेविषयी पुस्तकात एवढेच आहे. आम्हाला ते पुरेसे वाटले. तिचे दर सोमवारचे उपवास, बायबलमधले स्तोत्र १२१ मोठ्याने वाचून दार लावण्याची सवय, या गोष्टी मसुद्यात दोन पाने भरून होत्या, त्या आम्ही एका परिच्छेदात आणल्या.

या वहीवरून संस्थेशी एकदाच खरा मतभेद झाला. कलासंपादकाला वहीची पाने जशीच्या तशी, दुपानी, रंगीत छापायची होती, आणि ती देखणी दिसली असती यात वाद नाही. परंतु त्यांत बायकांची नावे, गावे आणि अशा नोंदी आहेत की त्या घरांत आजही बोलल्या जात नसतील. आजीने चाळीस वर्षे ज्या गोष्टी बाहेर जाऊ दिल्या नाहीत त्या तिच्याच पुस्तकातून बाहेर जाव्यात, हे आम्हाला पटेना. शेवटी नावागावांचे रकाने झाकून चार पाने छापली. संस्थेच्या पत्रकात गोपनीयतेविषयी मोठा परिच्छेद आहे, पण तो ग्राहकाच्या माहितीपुरता; ग्राहकाच्या कपाटातून निघणाऱ्या तिऱ्हाइतांच्या माहितीचा विचार त्यात कोणी केलेला नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक, पाळक अशांची पुस्तके करून घेणाऱ्यांनी याकडे आधीच लक्ष द्यावे.

छपाईविषयी थोडक्यात. मॅपलिथोचा जाडसर कागद, फोटोंसाठी वेगळा आर्टपेपर, शिलाईची बांधणी, त्यामुळे पुस्तक पूर्ण उघडते आणि पाने सुटत नाहीत. अक्षराचा आकार मोठा घ्यायला लावला, कारण वाचणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेले अनेक होते. मुद्रितशोधन कच्चे होते. रफारांची आणि जोडाक्षरांची मोडतोड झाली होती, ‘ख्रिस्ती’ शब्द तीन प्रकारांनी लिहिलेला होता, आणि बायबलमधली उद्धृते आठवणीवरून घातल्यासारखी होती, ती आम्ही छापील मराठी बायबलशी ताडून घेतली. प्रत्येक प्रकरणाच्या शिरोभागी समया आणि झेंडूच्या माळांची नक्षी होती. ती काढून साधी रेघ टाका म्हटल्यावर लगेच टाकली. वेळेच्या बाबतीत मात्र तक्रारीला जागा नाही. स्मरणदिनाच्या उपासनेआधी पुरेसे दिवस राखून प्रती नगरला पोचल्या होत्या. ध्वनिमुद्रणापासून छपाईपर्यंत सगळे धरून खर्च पाऊण लाखाच्या आसपास आला. आमच्यासारख्या मध्यमवर्गीय घराला ही रक्कम थोडी नाही. भावंडांनी आणि चुलत्यांनी वाटून घेतली म्हणून जमले.

पुस्तकाच्या शेवटी क्यूआर कोड आहे, तो मोबाइलने वाचला की आजीचा आवाज ऐकू येतो. पाळकसाहेबांनी तो उपासनेनंतर तेथेच वाजवून पाहिला आणि आजीने क्रमांक सांगून म्हणायला घेतलेल्या भजनात निम्मी मंडळी सहज सामील झाली. पण हा आवाज संस्थेच्या सर्व्हरवर दोनच वर्षे राहणार असून पुढे वार्षिक शुल्क आहे, ही अट बारीक अक्षरांत होती. आम्ही ध्वनिमुद्रणाच्या सगळ्या मूळ फाइली पेन ड्राइव्हवर मागून घेतल्या, दोन घरांत ठेवल्या आणि एक प्रत मंडळीच्या कार्यालयात दिली. ज्यांना ही सेवा घ्यायची असेल त्यांनी पहिला हप्ता देण्यापूर्वीच शब्दशः प्रत, मूळ ध्वनिमुद्रण आणि छपाईयोग्य फाइल या तिन्ही गोष्टी आपल्या मालकीच्या राहतील हे लिहून घ्यावे. आमच्याकडे छपाईयोग्य फाइल नव्हती. पुस्तकाच्या प्रती संपल्यावर मिरजेकडच्या आणि मुंबईच्या नातेवाइकांची मागणी आली, तेव्हा संस्थेने फेरछपाईसाठी किमान प्रतींची जी अट आणि जो दर सांगितला तो मूळ दरापेक्षा चढा होता. बरीच पत्रापत्री झाल्यावर फाइल मिळाली, आणि दुसरी छपाई आता नगरमधल्याच एका छापखान्यात सुरू आहे. तिच्यात महिला मंडळाच्या हिशेबाचा प्रसंग दोन परिच्छेदांनी वाढवला आहे, कारण त्या वेळच्या खजिनदारबाईंच्या मुलीने पहिली आवृत्ती वाचून आपल्या आईची बाजू लिहून पाठवली.